उंबरातले किडे कुठून येतात? तुम्ही विचारलेत म्हणून

उंबर फोडले की आत किडे निघतात. मग ते फळ किडके म्हणायचे का, आणि बाहेरून कुठे भोक दिसत नसताना ते किडे आत आले कसे? वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर मी वृक्षफेऱ्यांना जाते, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतोच: उंबराला फूल येते का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, पण ते झाडाखाली उभ्या उभ्या दोन वाक्यांत आटोपण्यासारखे नाही. फुलणारी झाडे आणि त्यांचे पराग वाहणारे प्राणी एकमेकांना कसे घडवत जातात, याचे आपल्या ओढ्याकाठी आणि देवळाच्या पारावर मिळणारे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी फुलाविषयी. उंबराच्या खोडावर आणि जाड फांद्यांवर जे हिरवे गोळे झुबक्यांनी लागतात, ते सुरुवातीला फळ नसतेच. तो फुलोरा असतो. सूर्यफुलाच्या तबकडीवर शेकडो बारीक फुले दाटीने बसलेली असतात. तीच तबकडी कडांनी उचलून, फुले आत राहतील अशी मिटवून टाकली, तर जे होईल ते उंबर. आतल्या पोकळीकडे तोंड केलेली हजारो फुले, आणि देठाच्या विरुद्ध टोकाला बाहेर उघडणारे एकच छिद्र. तेही एकावर एक चढलेल्या खवल्यांनी घट्ट बंद. वड, पिंपळ, नांद्रुक, अंजीर ही सगळी याच घराण्यातली झाडे, आणि जगभरातल्या साडेसातशेहून अधिक जातींची फुले अशीच आत दडलेली असतात. म्हणजे उंबराला फूल येते, भरपूर येते, पण मधमाशी, फुलपाखरू किंवा वारा यांपैकी कोणालाही तिथे प्रवेश नाही.

प्रवेश आहे तो गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातल्या, दोनेक मिलिमीटर लांबीच्या एका कीटकाला. भारतातल्या उंबरावर येणाऱ्या या कीटकाचे शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. सोयीसाठी मी तिला उंबरमाशी म्हणते. आतली स्त्री-फुले परागासाठी तयार झाली की त्या फुलोऱ्यातून एक विशिष्ट गंध बाहेर पडू लागतो आणि त्या गंधाच्या मागावर उंबरमाशीची मादी येते. तिचे डोके चपटे असते आणि जबड्याखाली मागे वळलेल्या दातांच्या ओळी असतात. ती डोके खवल्यांच्या फटीत घालते आणि पुढे रेटत राहते. दातांमुळे तिला मागे सरकावे लागत नाही, पण त्या वाटेवर तिचे पंख मोडतात आणि बहुधा मिशांचे तुकडेही पडतात. योग्य वयाचे कडक हिरवे उंबर उभे कापून भिंगाखाली धरले, तर खवल्यांच्या फटीत अडकलेले पारदर्शक पंख दिसतात, आणि आत फुलांच्या दाटीवर पंख नसलेली काळपट माशी. ती तिथून पुन्हा बाहेर पडत नाही.

आत गेल्यावर ती जे करते, ते मला या सगळ्या कथेतले सर्वांत विलक्षण वाटते. मधमाशीच्या अंगाला पराग लागतात ते खाण्याच्या ओघात. परागीभवन हा तिच्या दृष्टीने निव्वळ योगायोग. उंबरमाशीच्या छातीच्या खालच्या बाजूला मात्र पराग ठेवण्यासाठी दोन कप्पे असतात. अंडे घालता घालता ती पुढच्या पायांनी त्या कप्प्यांतून पराग काढते आणि फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या टोकावर, ठेवते. पराग वाहणे हे तिचे काम आहे आणि त्या कामासाठी तिच्या शरीरात खास अवयव घडलेले आहेत. इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर सापडलेल्या एका जीवाश्माला बरीच वर्षे मुंगी समजले जात होते. २०१० साली त्याची नव्याने तपासणी झाली, तेव्हा ती सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीची याच कुळातली माशी निघाली, आणि तिलाही असेच परागांचे कप्पे होते. डीएनएच्या तुलनेवरून हे नाते त्याहून कितीतरी जुने, साधारण साडेसात कोटी वर्षांचे असावे असे अनुमान आहे.

आता देवघेवीचा हिशेब. माशी फुलाच्या कुक्षिवृंतातून, म्हणजे कुक्षीपासून अंडाशयापर्यंत जाणाऱ्या बारीक दांड्यातून, आपली अंडी घालण्याची नळी आत सोडते आणि अंडे थेट अंडाशयात ठेवते. ज्या फुलात अंडे पडले, तिथे बी धरत नाही. त्या अंडाशयाची गाठ होते आणि आतली अळी तिच्यावर वाढते. मात्र सगळ्या फुलांचे कुक्षिवृंत सारख्या लांबीचे नसतात. आखूड वृंतांच्या फुलांत नळी सहज पोचते, लांब वृंतांच्या फुलांत पोचणे अवघड जाते, आणि तिथे बिया धरतात. एकाच फुलोऱ्यात काही फुले माशीच्या पिल्लांना, काही झाडाच्या पिल्लांना, अशी ही वाटणी.

यानंतर घडते ते वेळेचे गणित, आणि उत्क्रांतीचा ठसा मला सर्वांत ठळक दिसतो तो इथे. उंबराच्या फुलोऱ्यात नर-फुलेही असतात, पण स्त्री-फुले तयार होतात तेव्हा ती कोवळीच असतात. पुढे काही आठवडे ती तशीच राहतात. गाठींतल्या अळ्यांची वाढ पुरी होते. आधी नर बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात. ते माद्या असलेल्या गाठी शोधून, भोक पाडून, गाठीतच त्यांच्याशी मीलन करतात, आणि मग उंबराची भिंत पोखरून बाहेर जाण्याची वाट तयार करतात. नेमके याच सुमाराला नर-फुलांचे परागकोश पिकलेले असतात. माद्या पराग कप्प्यांत भरून घेतात आणि नरांनी केलेल्या वाटेने उडून जातात. एकाच फुलोऱ्यातली स्त्री-फुले आणि नर-फुले यांच्यात जे अंतर पडते, ते माशीच्या बालपणाएवढे असते. ज्या झाडांचे पराग अवेळी पिकले, त्यांचे पराग कोणी नेले नाहीत. ज्या झाडांची वेळ जुळली, त्यांची संतती वाढली. कोणीही काही ठरवलेले नाही, तरी झाडाच्या फुलण्याचे वेळापत्रक एका कीटकाच्या वाढीला बांधले गेले आहे. उंबरातल्या किड्याचे जग उंबराएवढेच, असे आपण सहज म्हणून जातो. नराच्या बाबतीत ते बहुतांशी खरे आहे, मादीच्या बाबतीत अजिबात नाही.

हे ऐकल्यावर पुष्कळांना निसर्गातल्या मैत्रीचे आणि त्यागाचे कौतुक वाटते. मला मात्र या नात्याकडे तसे पाहणे अपुरे वाटते. इथे प्रत्येक पक्ष आपापली संतती वाढवण्याच्या मागे आहे, आणि कोणी हात आखडता घेतला तर त्याला किंमत मोजावी लागते, म्हणून हे नाते टिकले आहे. माशीने पराग न आणता नुसतीच अंडी घातली तर काय होईल, हा प्रश्न पनामातल्या संशोधकांनी तिथल्या वडवर्गीय झाडांवर प्रत्यक्ष तपासला आणि २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या जातींत माशी पराग मुद्दाम कप्प्यांत भरून आणते, त्या जातींच्या झाडांनी पराग न मिळालेले फुलोरे गाळून तरी टाकले, नाहीतर त्यांत माशीची पिल्ले कमी जगली. ज्या जातींत पराग माशीच्या अंगाला आपोआपच चिकटतात, तिथे अशी शिक्षा आढळली नाही. शिक्षा जिथे सौम्य होती, तिथल्याच जातींत पराग न आणणाऱ्या माश्याही सापडल्या.

या व्यवहारात तिसरा पक्षही आहे. उंबरावर अशा काही माश्या येतात ज्या आत शिरतच नाहीत. बाहेर बसून लांबलचक नळी उंबराच्या भिंतीतून आरपार घालतात आणि आतल्या गाठींत किंवा अळ्यांवर अंडी घालतात. पराग त्या आणत नाहीत. अशाच एका जातीच्या नळीचे टोक बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यावर करवतीसारखे दात दिसले आणि टोकाला जस्त आढळले. केसाहून बारीक नळीने कच्च्या उंबराचे कडक साल वारंवार भेदायचे, तर टोक झिजून चालणार नाही. या माश्या निव्वळ लुटारू वाटतात, पण ऑस्ट्रेलियातल्या एका वडवर्गीय झाडावर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळीच गोष्ट पुढे आली. बाहेरून येणाऱ्या नळ्या भिंतीलगतच्या फुलांपर्यंत सहज पोचतात आणि मधल्या पोकळीजवळच्या फुलांपर्यंत क्वचितच. त्यामुळे भिंतीलगतच्या फुलांत घातलेली अंडी धोक्यात येतात, परागवाहक माशीची पिल्ले प्रामुख्याने आतल्या बाजूला वाचतात, आणि बाहेरच्या बाजूची फुले बियांसाठी शिल्लक राहतात. माशीला झाडाची सगळी फुले खाऊन टाकण्यापासून रोखणाऱ्यांत तिचे शत्रूही आहेत, असा याचा अर्थ होतो.

बाहेर पडलेल्या मादीचे आयुष्य एक-दोन दिवसांचे असते. तेवढ्यात तिला दुसरे उंबर गाठायचे असते, आणि तेही नेमके स्त्री-फुले तयार असलेले. ती वाऱ्यावर स्वार होऊन किती दूर जाऊ शकते, याचा अंदाज नामिबियाच्या वाळवंटातल्या एका अभ्यासावरून येतो. तिथे नदीकाठी एकमेकांपासून फार दूर उभी असलेली सायकॅमोर अंजिराची झाडे आहेत. हे झाड आपल्या उंबराचा जवळचा नातेवाईक. बियांच्या डीएनएवरून त्यांचे वडील-झाड शोधले, तेव्हा पराग १६० किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरून आल्याचे २००९ साली दाखवले गेले. तरीही माशीच्या अल्पायुष्याची अट झाडांना पाळावीच लागते. सगळ्या उंबरांना आंब्यासारखा एकाच मोसमात बहर आला असता, तर त्या बहरातून निघालेल्या माश्यांना जायला ठिकाण उरले नसते आणि त्यांच्याबरोबर परागीभवनही संपले असते. म्हणून परिसरातले एक झाड कच्चे, दुसरे बहरातले, तिसरे पिकलेले, असे चक्र वर्षभर चालू राहते. रानात इतर फळे नसतात त्या दिवसांतही हरियाल, तांबट, धनेश, वटवाघळे आणि उदमांजरे यांना उंबर, वड, पिंपळ यांचा आधार मिळतो, त्याचे एक मूळ कारण हे आहे. आपला राज्यपक्षी हरियाल उंबरावर पोट भरतो, कारण एक कीटक दोन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही.

"एका झाडाला एकच माशी" असे पुस्तकांत वाचायला मिळते. ढोबळमानाने ते ठीक आहे, पण तंतोतंत नाही. उंबर भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत वाढते, आणि डीएनएच्या तपासणीत भारतातल्या उंबरमाश्या व ऑस्ट्रेलियातल्या उंबरमाश्या वेगळ्या ठरल्या आहेत. झाडांचेही प्रदेशानुसार गट पडत गेलेले दिसतात. दोघांचे वेगळे होणे आजही चालू आहे.

शेवटी खाण्याविषयी, कारण हे सगळे ऐकून झाल्यावर तोच प्रश्न येतो. पिकलेल्या उंबरातून माद्या बहुतेक निघून गेलेल्या असतात. आत उरतात ते नर आणि मागे राहिलेल्या माश्या. खेड्यापाड्यांत उंबर फोडतात, झटकतात आणि खातात. अंजिराची गोष्ट निराळी आहे. त्यात नर-झाड वेगळे आणि मादी-झाड वेगळे. मादी-झाडाच्या फुलोऱ्यात सगळेच कुक्षिवृंत लांब असतात, त्यामुळे तिथे शिरलेली माशी पराग देऊन जाते, पण तिला अंडी घालता येत नाहीत. स्मर्ना जातीच्या अंजिरांना ही माशी लागतेच. कॅलिफोर्नियात १८८० च्या दशकात ही झाडे नेली, ती जोमाने वाढली, पण फळे पिकण्याआधीच गळून पडत. १८९९ मध्ये माशी आणून तिथे स्थिर केली, तेव्हा कुठे फळे टिकू लागली. आपल्या पुरंदरच्या अंजिराला माशीची गरज नाही. ती जात परागीभवनाशिवाय फळ धरते, म्हणून त्यात उंबरासारखे किडे निघत नाहीत. दाताखाली येणाऱ्या तिच्या बारीक बिया पोकळ असतात, त्यांतून रोप उगवत नाही, आणि म्हणून पुरंदरच्या शेतकऱ्याला नवी बाग लावायची असेल तर ती कलमांनीच लावावी लागते.