एक तास हजर, एक तास गायब

"९:१० नाही. ९:३५ नाही. ९:५० हो. १०:२५ हो. १०:५५ नाही. ११:३० नाही. ११:४५ हो."

टेस्टिंगमधल्या माझ्या सहकारी बाईंच्या वहीतली ही ओळ: एक डिव्हाइस नेटवर्कवर सापडलं की नाही, याची नोंद. त्यांनी ती वही तीनदा माझ्यापुढे धरली आणि तीनदा मी ती बाजूला सारली, कारण माझ्या लॅपटॉपवरून तेच डिव्हाइस पिंगला, म्हणजे "आहेस का?" या नेटवर्कवरच्या हाकेला, पहिल्या फटक्यात उत्तर देत होतं. तक्रारीचं तिकीट मी दोनदा "रिप्रोड्यूस होत नाही" असं लिहून बंद केलं. दुसऱ्यांदा बंद करताना थोडा वैतागलोही होतो. आता तो वैताग आठवला की कानशिलं तापतात.

डिव्हाइस म्हणजे वायफायवर चालणारी लिनक्सची एक छोटी पेटी. आमच्या लीडचं निदान ठरलेलं: "सिग्नल वीक असेल, ॲक्सेस पॉइंट जवळ आणून बघ." वायफाय म्हटलं की सगळे एका दिवसात रेडिओतज्ज्ञ होतात. ॲक्सेस पॉइंटचा, म्हणजे वायफाय पुरवणाऱ्या यंत्राचा, सिग्नल उणे ४८ डीबीएम होता, म्हणजे उत्तम. लिंक एकदाही तुटली नव्हती. वायफायचा हँडशेक, म्हणजे जोडणीची बोलणी, सांभाळणाऱ्या डब्ल्यूपीए सप्लिकंटच्या लॉगमध्ये तर दर तासाला शुभवर्तमान: ग्रुप रीकीइंग पूर्ण, म्हणजे सगळ्यांची सामायिक किल्ली बदलून झाली. सगळं हिरवं. आमचं मॉनिटरिंगही हिरवं.

तिसऱ्यांदा बाई वही घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या मशीनवर चालतं हे मला कळलं हो. माझ्या मशीनवर का चालत नाही ते सांगा."

फरक एकच होता. त्या प्रत्येक चाचणीआधी लॅपटॉप नव्याने सुरू करतात, ती त्यांची शिस्त. मी माझा कित्येक आठवडे बंद करत नाही, हा माझा आळस. त्यामुळे माझ्या कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नेबर टेबलमध्ये (शेजाऱ्यांच्या पत्त्यांच्या यादीत) त्या पेटीचा मॅक ॲड्रेस, म्हणजे हार्डवेअरचा पत्ता, आधीपासून होता. नोंद जुनी झाली तरी लिनक्स आधी त्याच पत्त्यावर थेट तीन वेळा विचारून बघतं. सगळ्या नेटवर्कला उद्देशून "हा आयपी कुणाचा?" अशी ब्रॉडकास्ट आरोळी ठोकायची वेळ माझ्यावर येतच नव्हती. त्यांच्यावर दर वेळी येत होती. मी माझी नोंद पुसली आणि पिंग मारला. शांतता. पेटीच्या कन्सोलवरून मला उलटा पिंग मारला, तर लगेच दोन्ही बाजूंनी सुरळीत! पेटी स्वतः बोलली की सापडते, तिला कुणी हाक मारली की ऐकू येत नाही. म्हणजे ब्रॉडकास्ट तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

इथे दोन किल्ल्यांची गोष्ट सांगायला हवी. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत प्रत्येक क्लायंटची (जोडलेल्या डिव्हाइसची) ॲक्सेस पॉइंटबरोबर एक खाजगी किल्ली असते, आणि ब्रॉडकास्ट-मल्टिकास्टसाठी, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवायच्या निरोपांसाठी, सगळ्यांची मिळून एक सामायिक किल्ली. ही सामायिक किल्ली ठरावीक काळाने बदलतात. आमच्या ॲक्सेस पॉइंटवर तो काळ ३६०० सेकंद. बदलताना ती आलटून पालटून दोन क्रमांकांवर बसते, एकदा १, एकदा २, म्हणजे अदलाबदलीच्या क्षणी जुनी आणि नवी दोन्ही हाताशी राहतात.

३६०० सेकंद वाचल्यावर मी वही मागून घेतली. ९:३५ ते ९:५० च्या मधे कुठेतरी पेटी सापडू लागते, १०:२५ ते १०:५५ च्या मधे हरवते, ११:३० ते ११:४५ च्या मधे पुन्हा सापडते. लॉगमधलं रीकीइंग दर तासाच्या ४३व्या मिनिटाला. सगळं तंतोतंत जुळत होतं आणि ते आठवडाभर माझ्या टेबलावर होतं.

मग मजा आली. दुसऱ्या लॅपटॉपवर मॉनिटर मोड लावला आणि हवेतल्या फ्रेम, म्हणजे डेटाचे तुकडे, पकडल्या. सीसीएमपीचा, म्हणजे डब्ल्यूपीए२ च्या एन्क्रिप्शनचा, हेडर ८ बाइटचा, त्यातल्या चौथ्या बाइटच्या वरच्या दोन बिटांत किल्लीचा क्रमांक असतो. हेक्समध्ये ब्रॉडकास्ट फ्रेमवर ६० दिसत होतं, म्हणजे किल्ली १. घड्याळ बघत बसलो. ४३वं मिनिट उलटलं आणि पुढच्या ब्रॉडकास्ट फ्रेमवर ए०. किल्ली २. त्याच क्षणी पेटी बहिरी. एवढं लख्ख काही मी या कामात क्वचित पाहिलंय.

ॲक्सेस पॉइंट निर्दोष सुटला. पेटीवर हार्डवेअर एन्क्रिप्शन बंद करून काम कर्नलमधल्या वायफाय सांभाळणाऱ्या मॅक८०२११ या भागाकडे सोपवलं, तर दोन्ही तास ठणठणीत. म्हणजे किल्ली यूजरस्पेसमधून (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅममधून) निघून एनएल८०२११, मग सीएफजी८०२११, मग मॅक८०२११ असा वायफायच्या थरांतला प्रवास व्यवस्थित करते आणि शेवटच्या पायरीवर, चिप चालवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये, घसरते.

तो ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीने झिप फाइलमध्ये दिलेला. कर्नलच्या मुख्य झाडात तो कधी गेलाच नाही, त्यामुळे परक्या कुणी तो वाचलाही नसावा. चिपमध्ये ग्रुप किल्ल्यांसाठी चार खाने, ० ते ३. किल्ली बसवणाऱ्या फंक्शनमध्ये क्रमांकाचा फक्त शेवटचा एक बिट ठेवला होता. दोनच किल्ल्या, मग एक बिट पुरे, असा हिशेब असावा. पण क्रमांक ० आणि १ नाहीत, १ आणि २ आहेत. १ चा शेवटचा बिट १, ती बरोबर बसते. २ चा शेवटचा बिट ०, ती जाते शून्याच्या खान्यात. चिप २ नंबरचा खाना उघडते, योग्य किल्ली मिळत नाही, फ्रेम फेकून देते. चिपचा फर्मवेअर अशा फ्रेमची मोजणी ठेवतो आणि ड्रायव्हरला कळवतोसुद्धा. ड्रायव्हर तो आकडा वाचतो आणि कुठेच दाखवत नाही. चुकीच्या बिटाचा मला एवढा राग आला नाही, या लपवलेल्या आकड्याचा आला.

दुरुस्ती एका अक्षराची: कोणते बिट ठेवायचे ते ठरवणारा मास्क १ च्या जागी ३. कंपनीला कळवलं. "पुढच्या रिलीजमध्ये बघू" असं उत्तर आलं. चाचणी जोडणीनंतर तासभर तरी चालवता का, हे विचारायचं मी टाळलं.

मॉनिटरिंग हिरवं का होतं, हे मात्र उरलं होतं. ते दुसऱ्या नेटवर्कवरून, दोन्ही नेटवर्क जोडणाऱ्या गेटवेमार्गे पेटी तपासतं. गेटवेला पेटीचा पत्ता कायम ताजा कसा मिळतो, ते शोधताना पेटीवर चढवायच्या आमच्याच इमेजमध्ये एक क्रॉन स्क्रिप्ट (ठरावीक वेळी आपोआप चालणारी) सापडली. दर मिनिटाला गेटवेला एक पिंग. वर कॉमेंट: "हे नसेल तर बॉक्स मधूनमधून हरवतो. कारण कळलेलं नाही. काढू नका." कमिट, म्हणजे कोडमधल्या त्या बदलाची नोंद, तीन वर्षं जुनी, लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. निम्मं त्यालाही दिसलं होतं, पण त्याला अशी वही मिळाली नसावी.

नवीन ड्रायव्हर घातल्यावर बाईंनी दोन दिवस नोंदी केल्या. सगळ्या "हो". वही मिटताना त्यांनी विचारलं, "मग ती स्क्रिप्ट काढणार ना आता?"

काढण्याचा पॅच तयार आहे. अजून पाठवलेला नाही.