‘ध्येये’ या रकान्यात अडकलेला फॉर्म

भावाच्या वार्षिक सहाय्य आराखड्याच्या फॉर्मची पहिली दोन पानं भरायला काही वेळ लागला नाही. यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड होतं, दाखला होता, गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे कागद फाइलीत लावलेले होते. घोडं अडलं ते तिसऱ्या पानावर, ‘वर्षभराची ध्येये’ या रकान्यात. अजून आठवलं तरी डोकं फिरतं.

माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा. घरात सगळे त्याला बाबू म्हणतात. सेरेब्रल पाल्सीमुळे डावा हात आखडलेला, चालतो पण तोल सांभाळत, आणि बोलणं घरच्यांनाच कळतं. शाळेत होता तोवर वैयक्तिक शैक्षणिक आराखडा असायचा. आता तो जातो त्या दिव्यांगांच्या केंद्रात मोठ्यांसाठी दरवर्षी सहाय्य आराखडा करतात. गेल्या वर्षीचा उघडून बघितला तर लिहिलेलं : ‘स्वतःची कामे स्वतः करणे, ८० टक्के अचूकता.’ कुठली कामं, ते नाही. शर्ट ८० टक्के घालायचा म्हणजे एक बाही सोडून द्यायची काय?

म्हणून या वेळी ठरवलं, बाबूलाच विचारायचं. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले : म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, कदंबची बस, सायकलवरचा पोदेर (पाववाला), चवथीची म्हणजे गणेश चतुर्थीची आरती, टीव्ही, केंद्रातलं शिवणकाम. एक सांगते, असं विचारताना फोटोंचा क्रम दर वेळी बदला आणि विचारणारं माणूसही बदला. आमचा बाबू समोरच्याला बरं वाटावं म्हणून पहिल्याच फोटोला मान डोलावतो. मी विचारलं, आईने विचारलं, शेजारच्या काकांनी विचारलं. प्रत्येक वेळी अंगठा आरतीच्या फोटोवर, आणि तोही घुमटावर (मातीच्या मडक्याचं चामडं ताणलेलं वाद्य) नाही, बाजूच्या कासाळ्यांवर, म्हणजे मोठ्या झांजांवर. चवथीला वाड्यावरची मुलं घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), कासाळी घेऊन घरोघर आरत्या करत फिरतात. हा व्हरांड्यातल्या खुर्चीवरून बघत असतो. त्याला त्यांच्यात उभं राहून कासाळी वाजवायची होती.

तसंच लिहून दिलं. फॉर्म परत आला.

‘‘अहो, हे मनोरंजनात येतं,’’ टेबलापलीकडच्या मॅडम म्हणाल्या. ‘‘ध्येय म्हणजे दात घासणं, असं काहीतरी लिहा.’’

‘‘दात तो घासतो, मॅडम.’’

‘‘मग बटणं लिहा.’’

हे सगळं बाबू शेजारी बसलेला असताना. त्याच्याकडे बघून एक अक्षर नाही. पुढच्या खेपेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची प्रस्तावनाच छापून नेली. स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचं स्वातंत्र्य हे तत्त्व तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. मॅडमनी कागद उलटा-सुलटा केला आणि म्हणाल्या, ‘‘फॉर्मॅट वरून आलाय. मोजता आलं पाहिजे.’’ त्यानंतर कधी मॅडम रजेवर, कधी मीटिंगला, कधी फॉर्म ‘वर’ गेलेला. वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगायला तयार नाही. अर्धा दिवस रजा टाकून डिचोलीहून जायचं आणि बाकड्यावर बसून पंखा मोजायचा. (फॉर्म देताना झेरॉक्सवर इनवर्डचा शिक्का मारून घ्या. आमचा एकदा ‘सापडत नाही’ झाला तेव्हा त्या शिक्क्यामुळेच सापडला.)

सुटका केली ती फिजिओथेरपीच्या ताईंनी. त्यांनी गोल अटेनमेंट स्केलिंग समजावून सांगितलं. ही पद्धत किरेसुक आणि शर्मन या अमेरिकेतल्या दोघांनी १९६८ मध्ये मांडली. माणसाने स्वतःचं ध्येय ठरवायचं आणि त्याच्या पाच पायऱ्या आधीच लिहून ठेवायच्या, उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत. मधलं शून्य म्हणजे ठरवलं तेवढं जमलं. आम्ही तिथेच बसून लिहिलं. उणे दोन : खुर्चीवरून बघतो, आज आहे तसं. उणे एक : घरच्या आरतीत बसून वाजवतो. शून्य : घरची एक आरती संपेपर्यंत उभा राहून वाजवतो. अधिक एक : शेजारच्या घरातही. अधिक दोन : वाड्यावरच्या सगळ्या घरांत. घ्या मोजायला!

मॅडमना हवी होती ती कामंही त्यातच निघाली : डाव्या हाताची पकड, उभं राहण्याचा तोल, ठेका धरून हात थांबवणं. कासाळ्याची बारीक दोरी त्याच्या बोटांतून निसटायची, म्हणून ती काढून रुंद सुती पट्टा ओवला. आता तो सरळ तळव्यावर चढतो. ‘कोण मदत करणार’ या रकान्यात वाड्यावरच्या दोन मुलांची नावं घातली, त्यांना विचारूनच. तो रकाना कोरा ठेवू नका, नाहीतर सगळं आईच्या गळ्यात पडतं.

या वेळी फॉर्म मंजूर झाला. सही करताना मॅडम म्हणाल्या, ‘‘बघा, आधीच असं लिहिलं असतं तर!’’ मी काही बोलले नाही, पण आतून उकळत होते.

चवथीला तो अधिक एकवर पोचला. शेजारच्या घरात खांबाला पाठ टेकून उभा होता. पाठ टेकली तर अधिक एक धरायचं की नाही यावर ताईंशी वाद झाला, शेवटी धरलं. म्हणून म्हणते, टेकू चालेल की नाही ते पायऱ्या लिहितानाच ठरवा.

आणि हो, आढाव्याची तारीख. आमच्या फॉर्मवर ती जागा कोरीच होती. मी पेनाने ‘दर तीन महिन्यांनी’ असं लिहिलं आणि बाजूला मॅडमची सही घेतली. पुढच्या आढाव्याला काय मांडायचं ते बाबूने ठरवलंय : शुक्रवारचा बाजार, आणि मी बरोबर नको.