दादाच्या शिळेपासून सुरू होणारी जिओकॅश

आमच्या गावचा दादा वायुसेनेत फायटर पायलट होता. ट्रेनिंगच्या उड्डाणात त्याचं मिग-21 कोसळलं. त्याचं नाव इथे मुद्दाम देत नाही. ते आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी येऊन शिळेवर वाचावं, यासाठीच मी हा सगळा खटाटोप केला.

त्याच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा ग्रामपंचायतीसमोर आहे. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला तिला हार घालतात. एरवी बाहेरगावचा माणूस तिथं थांबत नाही.

जिओकॅश म्हणजे जीपीएसच्या आकड्यांवरून शोधायचा डबा. 2 मे 2000 ला अमेरिकेनं जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली तफावत काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये असा पहिला डबा ठेवला गेला. सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथंच ठेवायचा.

आधी काकूंना, म्हणजे दादाच्या आईला विचारलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "डबा पाह्याले लोकं येतीन बाप्पा, पण माह्या पोराचं नाव वाचतीन का?"

या प्रश्नानं माझा आराखडाच बदलला. आकडे थेट दिले असते, तर लोक गाडीनं डब्यापाशी येऊन परस्पर निघून गेले असते. म्हणून दोन टप्प्यांची कॅश केली. पहिला टप्पा म्हणजे शिळा. तिच्यावरच्या जन्मतारखेतले आणि वीरमरणाच्या तारखेतले अंक घेऊन डब्याचं ठिकाण काढायचं. अक्षांशाच्या एका मिनिटाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण जेमतेम दोन मीटर. पण शंभराव्या भागाचा अंक एकाने जरी चुकला, तरी माणूस अठरा मीटर लांब, परहाटीत. त्यामुळे शिळा नीट वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

डबा त्याच्या जिल्हा परिषद शाळेत ठेवावा असं गावकऱ्यांना वाटत होतं. पण शाळेच्या आवारात अनोळखी माणसांनी डबा शोधत फिरणं योग्य नाही, नियमही आड येतात. शेवटी पांधणीलगतच्या धुऱ्यावरचा जुना निंब ठरला. वावराच्या मालकांनी एका शब्दात होकार दिला. जमिनीत पुरायची परवानगी नसते, म्हणून डबा मुळांच्या बेचक्यात दगडाआड ठेवला.

सरपंचांनी पत्र दिलं. पोलीस पाटलांना मी डबा उघडून दाखवला, कारण बेवारस डब्याची खबर गावात वाऱ्यासारखी पसरते आणि पुलगावचा दारूगोळा डेपो आमच्यापासून फार लांब नाही. त्यांच्या सांगण्यावरून आतली वही बाहेरून दिसेल असा पारदर्शक डबा घेतला आणि वर मराठीत ठळक लिहिलं: 'हा खेळाचा डबा आहे, धोकादायक वस्तू नाही.'

झाडाखाली फोनचे आकडे नाचतात. वेगवेगळ्या वेळी मोजून सरासरी काढली.

कॅशची माहिती देणारं पान वेबसाइटवर येण्याआधी स्वयंसेवक परीक्षक ते तपासतात. मी लिहिलं होतं की त्या काळी बरेच नवे पायलट किरण या प्रशिक्षण विमानावरून थेट मिग-21 वर जात आणि या दोन्हींच्या मधलं हॉक हे जेट ट्रेनर वायुसेनेत दाखल झालं ते 2008 मध्ये. परीक्षकांनी तो परिच्छेद काढायला सांगितला. कॅशच्या पानावर कुठलीही बाजू मांडता येत नाही. मला ते जड गेलं. त्या वयातल्या मुलांना मधली पायरी मिळायला हवी होती असं मला आजही वाटतं, म्हणून इथे लिहितोय. पानावर फक्त त्याचं आयुष्य ठेवलं: शाळा, कबड्डी, वायुसेना. सरपंचांचं पत्र जोडलं आणि मंजुरी आली.

पहिलं शोधायला नागपूरचं एक जोडपं आलं. त्यांनी वहीत आपल्या नावाआधी दादाचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट लिहिलं. त्याचा फोटो काकूंना दाखवला, तर त्यांनी पहिलं हेच विचारलं, "जेवून गेले का थे?"

येणार असाल तर पावसाळ्यात पांधण चिखलाची असते, गाडी गावातच ठेवा. धुऱ्यावरूनच चाला, कापूस तुडवू नका. वहीत पेन्सिलनं लिहा, ओलीनं शाई पसरते. झाकण चारही बाजूंनी दाबून बंद करा. आणि काकूंचं घर शिळेच्या मागच्याच गल्लीत आहे, कोणीही दाखवेल.