तुम्ही विचारलंत म्हणून: रसायनशास्त्राचा पहिला धडा गुऱ्हाळावर का?

दरवर्षी पालकसभेत कोणीतरी विचारतंच, "बाई, नववीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवायला गुऱ्हाळावर कशाला नेता? तेवढ्या वेळात वर्गात दोन धडे झाले असते." यंदा एका आजोबांनी तेच फार मायेनं विचारलं. एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) झाली की पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावीला) सगळं इंग्रजीतून, तिथं गुण लागतात, पोरगं मागं पडू नये, ही त्यांची काळजी. बेळगावच्या आसपास मराठी शाळेत पोर घालणाऱ्या प्रत्येक घरात ती असते, म्हणून नीट सांगते.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी सगळं फळ्यावरच शिकवत होते. वर्गात एक मुलगी होती, पेपरात कधी चुकायची नाही. एकदा शाळेमागच्या उसाच्या फडाशी आम्ही उभ्या होतो. मी सहज विचारलं, "ह्या उसात साखर आली कुठून गं?" ती म्हणाली, "खतातून, बाई. आमचे बाबा युरिया टाकतात की." आदल्याच आठवड्यात तिनं प्रकाशसंश्लेषणाचं, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून पानात उजेडात साखर होते त्याचं, समीकरण बिनचूक लिहिलं होतं. ते समीकरण आणि समोरचा ऊस यांची तिच्या डोक्यात कधी गाठच पडली नव्हती, कारण ती मी घालून दिली नव्हती. युरियातून पिकाला मिळतो तो नायट्रोजन. तो पानातल्या प्रथिनांत जातो, हरितद्रव्यात जातो. साखरेच्या रेणूत त्याचा एक अणूही नसतो. त्या रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू, बस्स. त्या दिवसापासून मी वर्ग गुऱ्हाळावर न्यायला लागले.

गुऱ्हाळावर गेलं की आधी चुन्याची निवळी मागून घेते. उसाचा रस मुळात थोडा आंबट असतो आणि आम्लात तापवला की साखरेचा रेणू तुटतो, म्हणून गुळव्या काहिलीत ही निवळी घालतो. त्यातली थोडी ग्लासात घेऊन एका पोराला नळीनं हळूहळू फुंकायला लावते. अर्ध्या मिनिटात काचेसारखं पाणी दुधाळ होतं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी जुळून खडूचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, बारीक साका तयार होतो. मग चुलवाणाच्या धुराड्याजवळची हवा सायकलच्या पंपात ओढून दुसऱ्या ग्लासात सोडतो. तोही दुधाळ. पोरं दोन्ही ग्लास शेजारी धरून बघतात. आपल्या पोटातली भाकरी आणि चुलीतलं चिपाड (रस काढून उरलेला उसाचा चोथा) दोन्हींतून एकच वायू निघतो, हे त्यांना कोणी पाठ करायला सांगत नाही. ते ग्लासातच दिसतं.

पुढचा प्रश्न राखेचा. "चिपाड जळून गेलं कुठं?" सगळे राखेकडं बोट दाखवतात. मग हिशेब मांडतो. शंभर किलो वाळलेल्या चिपाडाची राख भरते जेमतेम दोन-चार किलो. बाकीचं धुराड्यातून वर गेलं, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होऊन. उरलेली राख हा मातीचा वाटा: सिलिका, पोटॅश, चुना. त्या कांडीत जमिनीतून आलेलं घन द्रव्य म्हणाल तर एवढंच.

इथं मी पोरांना व्हॅन हेल्माँट नावाच्या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगते, कारण मला ती फार जवळची वाटते. सतराव्या शतकात, आजच्या बेल्जियममध्ये, त्यानं २०० पौंड वाळवलेल्या मातीत पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं १६९ पौंडांचं, माती घटली दोनेक औंस. झाड मातीतून येत नाही, हे त्यानं वजनानं दाखवलं. पण मग सगळं झाड पाण्यातूनच आलं, असं तो मानून बसला. आणि ‘गॅस’ हा शब्द जगाला दिला तोच हा माणूस. ६२ पौंड लाकडी कोळसा जाळला की एक पौंड राख उरते, उरलेले ६१ पौंड न दिसणारा वायू होऊन जातात, हेही त्याला माहीत होतं. झाडातून वायू निघतो हे कळलं, वायूतून झाड होतं हे मात्र त्याच्या हातातून निसटलं. पोरं हळहळतात, तेव्हा मला आत बरं वाटतं. झाडाच्या ह्या कामाला उजेड लागतो, हे पुढं १७७९ मध्ये इंगेनहाउझ ह्या शास्त्रज्ञानं दाखवलं.

मग आमचं मोठं गणित. ते आम्ही उसाच्या बांधावर बसून करतो. एक किलो साखरेतला कार्बन हवेतून यायला कार्बन डायऑक्साइडचे ३५ मोल लागतात (डझनानं केळी मोजावीत तसे रसायनशास्त्रात रेणू मोलनं मोजतात). बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, त्यामुळं इथं हवेचा दाब नऊएक टक्क्यांनी कमी. २५ अंशाला एक मोल वायू इथं सुमारे २७ लिटर जागा घेतो. म्हणजे ३५ मोल झाले ९४० लिटर. पण हवेच्या दहा लाख भागांत हा वायू असतो कसाबसा सव्वाचारशे भाग! तेव्हा ९४० लिटर गोळा करायला उसाच्या पानांना बावीस लाख लिटरांहून जास्त हवा चाळावी लागते. आमचा वर्ग पंचवीस फूट लांब, वीस फूट रुंद, दहा फूट उंच. असे सोळा वर्ग भरून हवा, एका किलो साखरेपाठी. हे उत्तर आलं की बांधावर क्षणभर कोणी बोलत नाही.

(ऊस ह्या कामात हुशार आहे, तो हा वायू आधी चार कार्बनांच्या आम्लात बांधून ठेवतो. हॅच आणि स्लॅक ह्या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हे उसावरच काम करून मांडलं. पीयूसीला गेल्यावर हे पुन्हा भेटेल.)

तोवर काहिलीतलं आधण उतरायला येतं. "बाई, पोरास्नी मागं सरकवा, पाक उडतोय," गुळव्यामामा ओरडतात. आपल्या उंचीवर पाणी ९७-९८ अंशाला उकळतं, पण पाण्याचा अंश निघून जाईल तसा पाक तापत ११८ अंशांपर्यंत चढतो. मामांकडं थर्मामीटर नाही. ते पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटानं गोळी वळते का बघतात, आणि मी थर्मामीटर घातला की बहुतेक वेळा तिथंच पारा असतो. शंभर किलो रसातलं ऐंशीएक किलो पाणी वाफ होऊन गेलं, तर ती वाफ आमचा तो एक वर्ग भरेल एवढी होते. हेही पोरंच काढतात.

एका वर्षी आमच्याच एका विद्यार्थ्याच्या घरचा गूळ बसला नाही. घाण्याचं इंजिन बिघडलं, तोडलेला ऊस तीन दिवस उन्हात पडून राहिला. ढेप धरेना, नुसता चिकट गोळा. पोरगं रडवेलं होऊन वर्गात बसलं होतं. मी फळ्यावर लिहिलं: साखर अधिक पाणी, बरोबर ग्लुकोज अधिक फ्रुक्टोज. तोडलेल्या उसात विकर (एन्झाइम, म्हणजे रेणू तोडण्या-जोडण्याचं काम करणारी प्रथिनं) साखर तोडण्याचं हे काम चालूच ठेवतात. ही दोन भावंडं सुटी झाली की ओल धरतात आणि साखरेचे कण जमू देत नाहीत. त्यानं ते घरी जाऊन वडिलांना सांगितलं. पैसे गेले ते गेलेच, पण पोराला कारण कळलं होतं.

आणि एक गोष्ट मी कधी चुकवत नाही. एका हातात चिपाड, दुसऱ्या हातात भाकरी. दोन्हींत ग्लुकोजच्याच माळा. ज्वारीतल्या स्टार्चमध्ये मणी एका तऱ्हेनं जोडलेले, चिपाडाच्या सेल्युलोजमध्ये दुसऱ्या. आपल्या पोटातलं विकर पहिली गाठ सोडवतं, दुसरी नाही. बैल वाडं खाऊन जगतो, कारण त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव ती दुसरी गाठ सोडवतात. गुऱ्हाळावर बैल बांधलेलाच असतो.

आजोबा, गुणांचं म्हणाल तर मोल, रेणुभार, संतुलित समीकरण हे सगळं परीक्षेतलंच आहे, आणि सूत्र मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत एकच लिहितात. नातवाला यंदाही पाठवा. सुती कपडे घाला, पायात चप्पल नको, बूट हवेत, आणि एक रिकामी काचेची बाटली द्या. चुन्याची निवळी घरी आणून तुमच्यासमोर फुंकून दाखवायला सांगितली आहे.