एका आदेशातले पाच डिस्चार्ज

शिवाजीनगर कोर्टाबाहेर भाषांतराचं टेबल लावून मला १७ वर्षं झाली. पानामागे पैसे मिळतात. एखाद्या क्रियापदापाशी तासभर अडून बसलं, तर त्याचे मिळत नाहीत.

परवा शिरूरकडचे एक काका सेशन्स कोर्टाचा ११ पानी इंग्रजी आदेश घेऊन आले. आधी कुणीतरी तो मोबाइलवरून मराठीत काढून दिला होता. शेवटची ओळ : 'आरोपी क्र. १ चा विसर्ग करण्यात येत आहे.' गावात हसं झालं होतं.

मला हसू आलं, पण मोबाइलचाही पुरता दोष नाही. मूळ शब्द 'डिस्चार्ज', आणि आदेशात तो पाच वेगळ्या अर्थांनी आलेला. काकांच्या मुलावर भादंवि (भारतीय दंड विधान) कलम ३५३ : वाळूची गाडी अडवणाऱ्या तलाठ्याला धक्काबुक्की. पहिल्याच पानावर तलाठी ड्यूटी 'डिस्चार्ज' करतोय, म्हणजे कर्तव्य बजावतोय. चौथ्या पानावर त्याचं दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. ते मराठीतही डिस्चार्ज कार्डच. त्याच कार्डावर जखमेतून डिस्चार्ज नाही, म्हणजे पू-पाणी वाहत नाही. सातव्या पानावर बचाव : त्या दिवशी धरणातून डिस्चार्ज चालू होता, पात्र दुथडी वाहत होतं, मग वाळू उपसली कुठून? हा खरा विसर्ग. आणि शेवटी आरोपी डिस्चार्ज.

इथे मी अडले. प्रकरण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं, कलम २२७ (आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत २५०). खटला चालवण्याइतका आधारच नाही, म्हणून दोषारोप ठेवण्याआधी सोडलं. निर्दोष सुटका साक्षीपुरावे झाल्यावर होते. त्याच जुन्या संहितेचं कलम ३०० तर स्पष्टच सांगतं की डिस्चार्ज म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. नवा पुरावा आला तर प्रकरण पुन्हा उभं राहू शकतं. आपली वर्तमानपत्रं डिस्चार्जला 'दोषमुक्त' म्हणतात. हिंदी कायद्यात मात्र दोषमुक्ती म्हणजे निर्दोष सुटका, आणि डिस्चार्जला उन्मोचन. वकील काय, 'सुटला' म्हणून फी घेऊन मोकळे.

काका म्हणाले, "निर्दोष लिवा की मॅडम. पोराची भरतीची पडताळणी हाय."

तसं लिहिता येणार नाही, म्हटलं. मी लिहिलं : 'दोषारोप न ठेवता आरोपीस सोडून देण्यात येत आहे.' त्यांनी दोनदा वाचून घेतलं.

"म्हंजी दोष हाय, पर ठिवला न्हाई?"

काय सांगणार? निर्दोष सुटणाऱ्याला निदान खटल्याला तरी उभं राहावं लागतं. या पोराविरुद्ध तेवढंही नव्हतं, आणि माझ्या काटेकोर वाक्यातून नेमका उलटा वास येत होता. दुसरं वाक्य मला अजून सुचलेलं नाही.

काकांनी पैसे मोजून दिले. माझं पान घडी घालून खिशात टाकलं आणि मूळ आदेश पिशवीत नीट सरळ ठेवला.

"भरतीच्या सायबाला इंग्रजीच देतो," म्हणाले.