रिकामे नोड कुणासाठी?

‘सर, रांगेत माझा जॉब पहिला आहे, चाळीस नोड रिकामे दिसतायत, मग मागून आलेल्याचा जॉब आधी कसा सुटला?’ क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांचा संच, सांभाळायला लागल्यापासून (त्यातला एकेक संगणक म्हणजे नोड, आणि त्यांच्यावर चालवायला दिलेलं काम म्हणजे जॉब) हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावा लागला आहे. विचारणाऱ्याच्या आवाजात अन्याय झाल्याची भावना असते, म्हणून उत्तर नीट देतो.

समजा, १०० नोड आहेत. तुम्हाला हवेत ६४, मोकळे आहेत ४०. चाळिसांवर सुरुवात करून बाकीचे नंतर जोडता येत नाहीत. हवामानाच्या मॉडेलमध्ये नकाशाचे तुकडे नोडांवर वाटलेले असतात आणि दर पायरीला प्रत्येक तुकडा शेजाऱ्याच्या कडेचे आकडे मागतो. शेजारीच हजर नसेल तर सगळे खोळंबतात.

आता दुपारचे बारा वाजलेत. ३० नोडांवरचा एक जॉब पाचपर्यंत चालेल असं त्याच्या मालकाने लिहून दिलंय. म्हणून शेड्युलर, म्हणजे कुणाचा जॉब कधी सुरू करायचा हे ठरवणारा प्रोग्रॅम, तुमच्यासाठी पाचची वेळ राखून ठेवतो. तोवर कुणी आठ नोड दोन तासांसाठी मागितले, तर त्याला आत घेतो, कारण दोनला तो बाहेर पडणार. याला बॅकफिल म्हणतात. १९९५ च्या सुमारास अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत ही रीत रुळली. आमच्याकडच्या स्लर्म नावाच्या शेड्युलरमध्येही तीच आहे. राखीव वेळेला धक्का लागत नाही, आणि नोड रिकामे तापत राहत नाहीत.

पण तुमची तक्रार अगदीच खोटी नाही. तो ३० नोडांचा जॉब साडेबारालाच संपला तर? आता मोकळे ६२. दोन नोडांसाठी तुम्ही दोनपर्यंत थांबता. इथे चूक शेड्युलरची नाही. साडेबाराला संपणाऱ्या कामाला कुणीतरी पाचपर्यंतची वेळ लिहिली, आणि शेड्युलरने त्या माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवला. लोक भीतीपोटी वेळ फुगवतात हे मला कळतं. वॉलटाइम, म्हणजे मागितलेली वेळ, संपला की जॉब किल होतो, आणि चेकपॉइंट, म्हणजे तोवरच्या कामाची जतन केलेली स्थिती, लिहिला नसेल तर सगळं काम वाया जातं. ते दुःख मी स्वतः भोगलंय.

गेल्या आठवड्यात हाच प्रश्न घेऊन एक विद्यार्थिनी आली. प्रत्येक जॉबला २४ तास मागत होती. आम्ही दोघांनी तिच्या जुन्या नोंदी काढल्या. चार तासांपलीकडे एकही गेला नव्हता. तिने सहा लिहून पुन्हा सबमिट केला. त्याच रात्री एका फटीत तिचा जॉब बसला.