५२ एक्सची ड्राइव्ह आणि २० एक्सने उतरणारं गाणं

सांगली-मिरजेत नाट्यसंगीताच्या आणि ख्यालगायनाच्या सीडी घरोघरी निघतात. त्या संगणकावर उतरवायला बसलं की पहिला ट्रॅक जेमतेम २० एक्सने येतो आणि ड्राइव्ह खराब झाली असं वाटतं. तिच्या तोंडावर तर ५२ छापलेलं असतं! ड्राइव्ह ठणठणीत असते, तो आकडा फक्त डिस्कच्या अगदी बाहेरच्या कडेचा असतो.

१ एक्स म्हणजे गाणं ऐकतानाचा साधा वेग: सेकंदाला ७५ सेक्टर (डिस्कवरच्या मजकुराचे छोटे तुकडे), दर सेक्टरला २,३५२ बाइट, एकूण १,७६,४०० बाइट. ५२ एक्सची ड्राइव्ह डिस्क एकाच गतीने फिरवते, मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे. सीडी आतून बाहेर वाचली जाते. आवाज केंद्रापासून साधारण २५ मिलिमीटरवर सुरू होतो आणि पूर्ण भरलेल्या डिस्कवर ५८ला संपतो. फेरा तेवढाच, पण बाहेर त्या फेऱ्यात येणारा पट्टा, म्हणजे मजकुराची गोल गोल जाणारी रेघ, दुपटीहून लांब. म्हणून आत २२ आणि शेवटी ५२. चाळीस मिनिटांच्या सीडीवर तर ४०च्या आसपासच गाडी थांबते.

म्हणून दोन ड्राइव्हची तुलना करताना डिस्क एकच हवी, स्वच्छ आणि सत्तर मिनिटांच्या वरची. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सीडी उतरवण्याच्या प्रोग्रॅममध्ये बर्स्ट मोड (फेरतपासणी न करता सलग वाचन) लावा आणि पहिल्या, मधल्या, शेवटच्या ट्रॅकचा वेग वेगवेगळा लिहून ठेवा. डिस्क गती घेईपर्यंतचे सुरुवातीचे सेकंद धरू नका. सरासरीचा हिशोब सोपा आहे: ७४ मिनिटांची डिस्क १४८ सेकंदांत उतरली तर ३० एक्स.

आकडा सगळीकडे सारखाच कमी येत असेल तर आधी जोडणी तपासा. जुन्या यूएसबी १.१ पोर्टवर सहा एक्सच्या वर काही जात नाही. आयडीई (रुंद पट्टीच्या केबलची जुनी जोडणी) ड्राइव्ह असेल तर विंडोजने तिला डीएमए या वेगवान पद्धतीवरून पीआयओ या संथ पद्धतीवर ढकललं आहे का ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघा. वारंवार चुका आल्या की ते आपोआप होतं. ८० तारांची चांगली केबल घाला, डिव्हाइस मॅनेजरमधून तो आयडीई चॅनल काढून टाका आणि संगणक पुन्हा सुरू करा. लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्ह मुळातच २४ एक्सच्या असतात, त्यांच्याकडून जास्त मागू नये.

खरी परीक्षा ओरखडे पडलेल्या डिस्कवर होते, आणि आमच्या मते ड्राइव्ह निवडावी ती याच परीक्षेवरून. त्याच प्रोग्रॅमच्या सिक्युअर मोडमध्ये प्रत्येक सेक्टर किमान दोनदा वाचला जातो. दोन्ही वाचनं जुळली नाहीत तर सोळा-सोळाच्या फेऱ्या सुरू होतात आणि एकच सेक्टर ८२ वेळांपर्यंत वाचला जाऊ शकतो. ड्राइव्ह सी-टू चुका (तिला स्वतःला दुरुस्त न करता आलेल्या चुका) प्रामाणिकपणे कळवत असेल तर एका वाचनात काम भागतं. पण काही ड्राइव्ह सी-टू आहे म्हणतात आणि निम्म्या चुका गिळतात. मग वेग झकास आणि गाण्यात टकटक. म्हणून ओरखड्यांच्या डिस्कवर एकदा सी-टूसह, एकदा त्याविना उतरवून दोन्ही फाइली जुळवून पाहा. कॅशची अडचण निराळी: दुसरं वाचन डिस्कवरून न होता ड्राइव्हच्याच मेमरीतून आलं तर चूक आहे तशीच जुळते. अशा वेळी कॅश रिकामी करायला लावावी लागते, आणि वेग आणखी घटतो. तो घटू द्या.

२०१९च्या पुरात भिजलेल्या डिस्क अजून पेट्यांत पडून आहेत. त्यांवरचा सुकलेला गाळ कोरडा पुसू नका, कणांनी काच घासल्यासारखी रेघ उठते. आधी वाहत्या पाण्याखाली धरा, मग साबणाचा एक थेंब आणि मऊ सुती कापड. हात मध्यापासून कडेकडे सरळ न्या. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा पट्ट्याचा छोटासा तुकडाच खातो, आणि अडीच मिलिमीटरपर्यंतची फट ड्राइव्ह भरून काढते. गोल ओरखडा मात्र पट्ट्याबरोबर धावत सलग मजकूर नेतो. छापील बाजू त्याहून नाजूक, कारण चंदेरी थर तिथल्या लाखेच्या लगेच खाली असतो.

अशा डिस्क ८ एक्सवर बांधून वाचा. ड्राइव्ह तो वेग पाळते का हे आधी चांगल्या डिस्कवर बघून घ्या, काही ड्राइव्ह आज्ञा घेतात आणि सुसाट सुटतात. मधल्या छिद्राजवळ केसाएवढी जरी चीर दिसली, तर ती डिस्क ५२ एक्सच्या ड्राइव्हमध्ये घालूच नका. दहा हजार फेऱ्यांना ती आतल्या आत फुटते आणि ड्राइव्हही जाते.